विसावी पेंढी

ज्वारीची काढणी सुरू झाली की गावात एक हिशेब चालू होतो. तो कुणी लिहीत नाही आणि कुणी बुडवतही नाही. बाईनं दिवसभर ज्वारी काढायची, पेंढ्या बांधायच्या, आणि विसात एक पेंढी तिची. विसावी पेंढी तिची तिनंच बांधायची. आता आपल्या घरी न्यायची पेंढी बांधताना कुणाचा हात आखडतो? एकोणीस पेंढ्या अशा की पोरीनं उचलाव्यात, आणि विसावी अशी की डोक्यावर द्यायला दुसरी बाई लागावी. मालकानं बांधावरून ओरडायचं, बायांनी पदराआड हसायचं, आणि पेंढी होती तेवढीच राहायची. ओरडणं हा रिवाज आणि हसणं हाही रिवाज.

अणदूरपासून कोसभर आत शांतलिंगप्पाची जमीन होती. खाऊनपिऊन सुखी घर. लेक उमरग्याला दिलेली, मागं नवरा-बायको दोघंच. त्यांच्या रानात विसावी पेंढी बांधण्यात मथुराबाईचा हात धरणारी बाई नव्हती. तिचा नवरा ज्ञानोबा कधीकाळी याच घरचा सालगडी. गाडीच्या चाकाखाली पाय सापडला तेव्हापासून तो दारात बसून अंबाडीचे दोर वळत होता, आणि घर मथुराबाईच्या विळ्यावर चाललं होतं. सुगीत जोडलेल्या पेंढ्यांवर दोघांचं पार श्रावणापर्यंत भागायचं. शांतलिंगप्पाची बायको इरम्मा तिची पेंढी बघून म्हणायची, "मथुरा, म्हस बांधलीस का गं पेंढीत?" मथुराबाई म्हणायची, "गाभण हाय आक्का, नजर लावू नगा." दरवर्षी हेच बोलणं, आणि दरवर्षी दोघींना त्याचं हसू यायचं.

त्या वर्षी मात्र ते बोलणं झालं नाही.

लढाई संपली होती, लेव्ही तेवढी राहिली होती. पिकलेल्या ज्वारीतला मोठा वाटा सरकारला घालायचा, तोही सरकार सांगेल त्या भावानं. वसुलीला येणारा जुना गिरदावर कोंबडीवर खूश व्हायचा. नवा आला तो अंड्यालाही हात लावत नव्हता, आणि ज्या माणसाला काहीच चालत नाही त्याच्यासारखा त्रासदायक माणूस नाही. हा शेतकऱ्याला काही विचारतच नव्हता. सरळ काढणाऱ्या बायांच्या दारात जायचा, दाराशी उभ्या केलेल्या पेंढ्या मोजायचा आणि विसानं गुणायचा. शेजारच्या गावात महालिंगप्पाचं अख्खं खळं त्यानं असं बायांच्या दारात मोजलं होतं.

शांतलिंगप्पा हे बाजारातून ऐकून आला. सोप्यात बसून त्यानं पटका सोडला, घाम पुसला आणि बायकोला म्हणाला, "यंदा बायांना पेंढी न्हाय. रोख रोज द्यायचा."

"काहून?" इरम्मानं विचारलं.

"काहून म्हंजी? त्यांच्या दारात पेंढी गेली की आपलं खळं सरकारला दिसतं. पेंढीच न्हाय गेली तर तो काय मोजल? धोंडे?"

"बाया काय म्हणतील?"

"पैसा मिळतोय की. नागप्पा सावकार उमरग्यात मला म्हणाला, आखाडापर्यंत दम धर, सोलापूरकडं भाव दुप्पट होणार हाय. लोखंड म्हाग, कापड म्हाग, बैलाच्या नाकातली येसण सुदिक म्हाग. जवारी तेवढी सरकारच्या भावानं? आमीच काय घोडं मारलंय?"

यात खोटं काही नव्हतं. सरकारचा भाव खरोखरच असा होता की त्यात बियाण्याची आणि बैलांची किंमतसुद्धा निघू नये. इरम्माला त्याचं म्हणणं पटलंही. पण तो पुढं म्हणाला, "बायांना तूच सांग. त्या तुझं ऐकत्यात," तेव्हा ती पदर सावरत उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात दव होतं. बाया कासोटा घालून, विळे कमरेला खोचून उभ्या होत्या. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं मुठीत न मावणारी. इरम्मा बांधावर उभी राहिली आणि तिनं सांगून टाकलं. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. बोलली ती मथुराबाई.

"पैसा भाजून खायचा व्हय आक्का? दुकानात दाणा कुठं मिळतोय?"

"आमच्याच पोटाला राहत न्हाय गं," इरम्मा म्हणाली. "सरकार समदं नेणार. खळ्यावरनंच गाड्या भरून नेणार हायत. तुमाला पेंढ्या दिल्या तर आमी काय खावं?"

हे वाक्य तिनं रात्रभर मनात घोळवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं, आणि इतकं सरळ आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. मथुराबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. वीस-पंचवीस सुग्या जिच्या बांधावर घालवल्या ती बाई आपल्याशी खोटं बोलेल, हे तिच्या मनाला शिवलं नाही. ती बाकीच्या बायांकडं वळून म्हणाली, "चला गं. आक्काच्या घरात दाणा न्हाय म्हटल्यावर आपून कुठं अडून बसायचं?" आणि ती सगळ्यांच्या आधी ज्वारीत शिरली.

त्या दिवसापासून पेंढ्या मोजायचं कामच उरलं नाही. आजवर बाया मोजायच्या ते आपल्या वाट्यासाठी. वाटाच गेला, तशी मोजदादही गेली. किती पेंढ्या खळ्यावर गेल्या आणि किती वाटेतच दुसरीकडं वळल्या, हे कुणालाच कळलं नाही. शांतलिंगप्पाला नेमकं हेच हवं होतं. तो संध्याकाळी बायांच्या तळहातावर रोजाचे हाली शिक्के ठेवायचा, आणि बाया ते पदराच्या गाठीत बांधून रिकाम्या डोक्यानं घरी जायच्या. डोक्यावर पेंढी नसलेल्या बायांची ती रांग इरम्माला बघवत नसे. ती तोवर चुलीपुढं जाऊन बसायची.

गोठ्यात दाणा साठवायचं जुनं पेव होतं. सासऱ्यानं पांढरीच्या मातीत खणलेलं, माणूस उभा आत मावेल एवढं. वळवलेल्या पेंढ्या रातोरात मळल्या, आणि बाजारचा दिवस गाठून, गाव अणदूरला गेलेलं बघून, दोघांनी भर दुपारी पेव भरलं. शांतलिंगप्पा आत उतरला. त्यानं तळाला आणि कडेला कडबा लावला, लिंबाचा पाला पसरला. इरम्मा वरून पाट्या ओतत होती. दाण्यांचा धुरळा तिच्या नाकातोंडात जात होता, दंड भरून आले होते. एरवी पेव भरायला दोन-चार माणसं यायची, गूळ वाटला जायचा, पहिली पाटी ओतताना मल्लय्याचं नाव घ्यायचे. इरम्माच्या माहेरच्या कानडी बोलीत मल्लय्या म्हणजे इथला खंडोबाच. त्या दिवशी तिनं पहिली पाटी ओतताना नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. चोरीच्या कामात देवाला कशाला हाक मारायची?

तोंडावर फळ्या टाकून, माती लिंपून, शेणानं सारवून त्यांनी वर बैलांची दावण केली. संध्याकाळी बैल तिथं उभे राहून रवंथ करू लागले, तेव्हा शांतलिंगप्पा खूश होऊन म्हणाला, "आता गिरदावरचा बाप आला तरी सापडत न्हाय."

खळ्यावरची उघडी रास सरकारनं खरोखरच नेली. गाड्या भरल्या जात होत्या तेव्हा सगळा गाव बघायला होता. खळ्याच्या तळाशी माती मिसळलेली मातेरी ज्वारी उरली, तेवढी घरी आली. मथुराबाई केरसुणीनं ती गोळा करून देत होती. देता देता तिनं पदर डोळ्यांना लावला. "असं रिकामं खळं ह्या घराचं कधी बगितलं न्हवतं आक्का," ती म्हणाली. इरम्मानं मान खाली घालून पाटी उचलली. मथुराबाईला वाटलं, आक्काला रडू येतंय.

उन्हाळा चढला तसं गाव आवळत गेलं. ज्यांच्याकडं शिक्के होते त्यांना दाणा मिळेना. बायांनी मोकळ्या रानात ढेकळं उकरून सरवा वेचला, म्हणजे काढणीत गळून पडलेली कणसं आणि सुटे दाणे. मथुराबाईनंही वेचला. उन्हात पाय पोळायचे म्हणून तिनं पळसाची पानं बांधली होती. एवढं करून दोन गाडगी भरली. ती तिनं आजारपणासाठी म्हणून बाजूला ठेवली, आणि रोजचं पोट तरवट्याच्या भाजीवर आणि कण्यांवर काढू लागली.

इरम्मा दुपारी दार लोटून भाकरी खायची. मातेरी कधीच संपली होती. शांतलिंगप्पा आठवड्याला पेवाचं तोंड थोडं उघडून पाटीभर काढायचा. पेवातल्या ज्वारीला एक वास असतो, उबट, जरा आंबूस. दळताना तो घरभर होतो. इरम्मा जात्याजवळ उगाच ऊद जाळायची. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "मथुराला पायलीभर द्यावं म्हणते. कुणाला कळतंय?"

"वास कळतोय," तो म्हणाला. "तिच्या घरात भाकरी भाजली की सगळ्या आळीला कळल, पेवातली जवारी हाय. मग पेव कुणाचं, हे शोधाय किती येळ लागतोय? दे तू. आन मग माज्या हातात बेड्या पडल्या की वेशीपस्तोर घालवाय ये."

 दान द्यायचं तर चोरी उघडी पडते, असला अडकित्ता इरम्मानं जन्मात बघितला नव्हता.

वैशाखात गिरदावर पुन्हा आला. त्याला संशय होताच. बायांची दारं त्याला सगळीकडं रिकामी दिसली होती, आणि रिकाम्या दारांचा हिशेब त्याला मांडता येत नव्हता. पाटील आण्णासाहेबांनी चावडीपुढं बायांना बोलावलं. बाकीचं गावही जमलं. इरम्मा बायांच्या मागं लिंबाच्या बुडाशी उभी होती. शांतलिंगप्पा पुढं, हाताची घडी घालून.

"क्या बाई," गिरदावर मथुराबाईला म्हणाला, "तुमारा हिस्सा कां है? पेंढी कां हैं?"

"पेंढी दिलीच न्हाय साहेब. रोज दिला."

"कायकू?"

"त्यांच्या घरातच दाणा न्हाय तर पेंढी कशी देतील? समदी रास तुमीच नेली की. म्या माज्या हातानं खळं झाडलंय."

लोक हसले. गिरदावर हसला नाही. तो पाटलांशी काहीतरी बोलला. आण्णासाहेब जरा अवघडले, मग म्हणाले, "मथुरा, साहेबांचं म्हणणं हाय, तुमच्या देवाची शपथ घे म्हंजी इषय मिटला. बेलभंडारा उचलतीस का?"

 बेलभंडारा उचलणं म्हणजे खंडोबाच्या नावानं भाकणं. हळद तळहातावर, वर बेलाचं पान, आणि तोंडातून निघालेला शब्द मग आपला राहत नाही. खोटा भंडारा उचललेल्या घरात दिवा लागत नाही, असं त्या मुलखात ज्याला त्याला ठाऊक. भांडणातसुद्धा माणसं शिव्या देतील, डोकी फोडतील, पण भंडाऱ्याची गोष्ट निघाली की मागं सरतील.

मथुराबाईनं वळून बायांच्या डोक्यांवरून इरम्माकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, विचारलं काही नाही. इरम्मानं एवढंच करायचं होतं, मान हलवायची होती. एक पाऊल पुढं यायचं होतं. "मथुरा, नगं," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिला नवऱ्याची पाठ दिसत होती, सदरा घामानं चिकटलेला.  तिनं डोळे खाली वळवले आणि स्वतःच्या पायाच्या जोडव्यांकडं बघत राहिली. मथुराबाईला त्यात मालकिणीची लाज दिसली, घरातलं दारिद्र्य चारचौघांत उघडं पडतंय म्हणून आलेली लाज. तिला दया आली. तिनं हात पुढं केला.

"खंडोबाची आण," ती खणखणीत बोलली. "ह्यांच्या घरात दाणा न्हाय. असला तर माझ्या घरात दिवा लागू नये."

गिरदावरनं वही मिटली. पाटलांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. गर्दी पांगताना मथुराबाई इरम्माजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जीवाला लावून घेऊ नगा आक्का. चार म्हयन्याचा तर परसंग. निघून जाईल." तिच्या तळहाताला हळद लागली होती. त्याच हातानं तिनं इरम्माचा दंड दाबला. घरी येऊन इरम्मानं तो दंड धुतला, आणि धुतल्यावर तिला स्वतःची एवढी किळस आली की ती तशीच न्हाणीत बसून राहिली.

ज्येष्ठात सरकारी दुकानात मका आला. समुद्रापलीकडून जहाजातनं आलेला, किडका, पिवळाजर्द. गावानं मक्याची कणसं भाजून खाल्ली होती, पण मक्यावर पोट भरायचं म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. पीठ भिजवलं तर थापत नव्हतं, थापलं तर तव्यावर फाटत होतं. म्हाताऱ्यांची पोटं बिघडली. ज्वारी पिकवणाऱ्यांनी ज्वारी सरकारला घालायची आणि सरकारनं त्यांना परक्या मुलखाचा मका विकायचा, हा व्यवहार कुठल्या शहाण्यानं काढला कुणास ठाऊक. पण दुकानापुढं रांग लागली.

शांतलिंगप्पा म्हणाला, "तू बी जाऊन उभी राहा."

"आपल्याला काय करायचाय मका?"

"खायाला न्हाय. दिसाय पाहिजे. समदं गाव मका आणतंय आन आपूनच तेवढे घरात बसलो, तर लोक इचारतील न्हवं, ही खात्यात काय म्हणून."

इरम्मा पिशवी घेऊन गेली. उन्हं टाळूवर आली होती. घरंदाज बाई रांगेत आलेली बघून बाया वळून बघू लागल्या. तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि शेवटाला जाऊन उभी राहिली. तापलेल्या मातीत ती एकदा एका पायावर, एकदा दुसऱ्या पायावर भार देत होती. पुढं बऱ्याच अंतरावर मथुराबाई होती. तिनं मागं पाहिलं आणि रांग सोडून आली.

"आक्का, तुमी म्होरं व्हा. माझ्या जागी उभ्या राहा. तुमाला असं उन्हात थांबायची सवं न्हाय."

"नगं गं. हाय ते ठीक हाय."

"चला म्हणते न्हवं," असं म्हणत तिनं इरम्माचा हात धरला आणि तिला आपल्या जागेवर नेऊन उभं केलं. स्वतः शेवटाला गेली. इरम्माला हात सोडवून घेता आला असता. पण मका नको म्हणायला कारण लागतं, आणि तिच्याकडं सांगण्यासारखं कारण नव्हतं.

दुकानदारानं इरम्माच्या पिशवीत माप ओतलं, पोतं उपडं करून झटकलं आणि म्हणाला, "खतम. पुढल्या आठवड्याला बगा." मागच्या बाया कालवा करू लागल्या. मथुराबाई रिकामी पिशवी घडी घालून कमरेला खोचत होती. इरम्मा पिशवी घेऊन तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मथुरा, ह्यातला निम्मा ने."

"खुळ्या का काय आक्का? घरात दाणा न्हाय तुमच्या. आमचं आमी बगू." आणि ती पाय झाडत निघून गेली.

घरी आल्यावर शांतलिंगप्पानं पिशवीत हात घालून मका वर-खाली केला. "किडलाय. बैलांना भिजत घाल. पेरणी तोंडावर आलीया, जोर येईल तेवढाच." इरम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं घमेल्यात मका ओतला आणि वर पाणी घातलं. तिला दुसरं काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून सुटका होत नाही, हेही तिला कळत होतं.

सकाळी भिजून टरारलेला मका तिनं गव्हाणीत ओतला. एक बैल तोंड घालून खाऊ लागला, दुसरा अजून वास घेत होता. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "आक्का, हाय का घरात?" आणि उत्तराची वाट न बघता मथुराबाई सरळ गोठ्यात आली. या घरात ती कायम अशीच यायची.

तिच्या पदरात काहीतरी बांधलेलं होतं. "सूप आना," ती म्हणाली. "मका तुमच्या पोटाला सोसायचा न्हाय. मालकांना तर आजाबात न्हाय. सरव्याची जवारी हाय. जास्त न्हाय, पण दोन येळच्या भाकरी होतील. आमचे धनी बी म्हणाले, दे जा, आपून त्यांचंच खाऊन मोठं झालो."

इरम्मा जागची हलली नाही. मथुराबाई स्वतःच भिंतीवरचं सूप काढायला वळली, आणि तिची नजर गव्हाणीत गेली.

बैल खात होता. पिवळे दाणे त्याच्या ओठांवरून खाली पडत होते.

 मथुराबाईनं गव्हाणीकडं पाहिलं, मग बैलांच्या पायाखालच्या सारवलेल्या जमिनीकडं पाहिलं. तिथं एका कडेला सारवण ओलं होतं, ताजं. आदल्याच दिवशी पेवाचं तोंड उघडून मिटलं होतं. सालगड्याची बायको ती, या घरचं पेव कुठं आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं नाकानं हवा आत ओढली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मथुरा," इरम्मा म्हणाली.  "मथुरा, पेव भरलंय. जवारी हाय. लई हाय. म्या खोटं बोलले. तू ने. आत्ता ने, पोतंभर ने, कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे."

 मथुराबाईनं सूप काढून जमिनीवर ठेवलं, पदराची गाठ सोडली आणि सरव्याची ज्वारी सुपात ओतली. सगळी ओतली. पदर झटकून शेवटचे दाणेही सुपात पाडले. मग ती गव्हाणीपाशी गेली, बैलाचं तोंड तळहातानं बाजूला सारलं आणि भिजलेला मका ओंजळीनं पदरात भरू लागली. बैलाच्या लाळेनं तो बुळबुळीत झाला होता. पडलेले दाणेही तिनं वाकून वेचले.

"ह्यो माझ्या रांगेचा हुता," ती म्हणाली. "तेवढा नेते."

"तो कशाला गं? तो उष्टा हाय. जवारी ने म्हणते न्हवं मी. तुझ्या पाया पडते."

इरम्मा खरोखरच वाकली. मथुराबाई मागं सरकली.

"कशी नेऊ आक्का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर इरम्माला सोसला असता. "ह्या घरात दाणा न्हाय म्हणून म्या भंडारा उचललाय. तुमची जवारी माझ्या चुलीवर चढली की माझा देव खोटा पडतो. माझ्या घरात दिवा राहायचा असंल तर तुमच्या घरात दाणा न्हाय. ह्या साली न्हाय आन म्होरल्या साली बी न्हाय. म्या जितीजागती हाय तवर न्हाय."

"आन ही?" इरम्मानं सुपाकडं बोट केलं.

"ती दिली की. दिल्यालं परत नेत न्हाईत."

एवढं बोलून ती पदर पोटाशी धरून निघाली. मक्याचं पाणी तिच्या लुगड्यातून गळत होतं. अंगणातून जाताना रोज ती काहीतरी बोलून जायची, त्या दिवशी गुमान गेली.

शांतलिंगप्पा रानातून आला तेव्हा गव्हाण रिकामी होती आणि इरम्मा जात्यावर बसली होती. ऊद जाळलेला नव्हता. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "कोण आलं हुतं?"

"मथुरा."

"काय म्हणली? बघितलं का काय तिनं?"

"बघितलं."

त्यानं वळून दार लोटलं. "आता? चावडीवर सांगंल ती."

"न्हाय सांगणार. तिला सांगता येत न्हाय," इरम्मा म्हणाली, आणि जात्याचा खुंटा फिरवत राहिली.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "पायली-दोन पायली देऊन टाक तिला. तोंड बंद राहील."

 इरम्मानं पीठ काढलं, चूल पेटवली, भाकरी थापली. सरव्याची ज्वारी उन्हात तापलेली, मातीच्या वासाची. पेवाचा उबट वास तिला नव्हता. भाकरी टम्म फुगली. तिनं नवऱ्यापुढं ताट ठेवलं, भाकरी वाढली, तिच्यावर तेल-चटणी घातली, आणि आयुष्यात कधी नव्हे ते त्याच्या समोर जेवायच्या जागी मांडी घालून बसली.

शांतलिंगप्पानं घास मोडला, तोंडात घातला, आणि त्याचं चावणं मंद झालं. "ही आपली न्हाय," तो म्हणाला. "कुणाची जवारी ही?"

"मथुराची. सरव्याची."

त्याचा हात ताटातच थांबला. "परत कर की मग."

"घेत न्हाय ती."

"मग पेवातली काढ. ही कशाला वाढलीस मला?"

"पेवात काय न्हाय," इरम्मा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि ती त्याच्याकडं डोळे न हलवता बघत होती. "आपल्या घरात दाणा न्हाय. खंडोबाची आण हाय तशी. खावा."

त्यानं मान खाली घातली. तिनं बसल्या जागेवरूनच हात लांबवून दुसरी भाकरी तव्यावर टाकली, आणि तो खाईपर्यंत ती समोरून उठली नाही.